गणितात न धरलेली चांदी

१२ जानेवारी

दादा,

'ती. दादास सा. नमस्कार' असं लिहिलं होतं, ते खोडलं. नमस्कार करायची सध्या इच्छा नाही. कागदावर लिहिते आहे, कारण ईमेलची तू पाचवी ओळ वाचत नाहीस.

आज सकाळी विभागप्रमुखांनी खोलीत बोलावलं. टेबलावर एक छापील कागद पालथा ठेवला होता. मला वाटलं, कुणाच्या तरी रजेचा अर्ज असेल. निघालं तुझं पत्र. मला लिहिलेलं नव्हे. आपला निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याच्या संपादकांना लिहिलेलं, आणि त्यांनी ते छापूनही टाकलेलं. 'मोजमापं घेताना सूक्ष्मदर्शकाची सुई अस्वच्छ असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून मी मुख्य दावा मागे घेत आहे.'

मी! निबंधावर नावं तीन आहेत, दादा. तुझं, माझं आणि माझ्या विद्यार्थिनीचं. गणित तुझं, प्रयोग आमचा. दावा मागे घेताना मात्र तू एकटा, आणि खापर फुटलं ते आमच्या डोक्यावर. विभागप्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या बंधूंनी तुम्हाला आधी विचारलं असेलच." मी काय सांगणार? म्हटलं, हो, बोलणं झालं होतं. तुझी अब्रू राखायला मी खोटं बोलले, याची नोंद असू दे.

सुई अस्वच्छ. ही मुलगी रोज सकाळी काम सुरू करते ते कोऱ्या चांदीवर. वर आपली रेणूंची जाळी नाही, काही नाही, नुसती चांदी. तिथे मोजमाप कसं यायला हवं हे साऱ्या जगाला माहीत आहे. ते तसं आलं नाही, तर ती सुई चांदीत हलकेच टोचून पुन्हा टोकदार करते आणि पहिल्यापासून मोजते. संध्याकाळी थांबण्याआधी पुन्हा कोरी चांदी. मधलं सगळं तेव्हाच धरायचं, जेव्हा दोन्ही टोकं बरोबर येतात. चार वर्षं हे चाललंय. वहीतला प्रत्येक रकाना ती पट्टीने आखते, म्हणून सगळे तिला पट्टीच म्हणतात. अशा मुलीची सुई अस्वच्छ!

पुढच्या महिन्यात तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. आता विद्यापीठाच्या चौकशी समितीने कळवलंय की प्रकरण मिटेपर्यंत ती होणार नाही. मेमध्ये तिला दुसऱ्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय, आणि पदवी नसेल तर ते लोक घेणार नाहीत. तुझ्या दोन वाक्यांनी हे केलंय. तुला ते माहीत तरी होतं का?

आईला काही सांगितलेलं नाही. तुझा फोन का येत नाही, असं विचारत होती. कामात आहे म्हटलं.

— (सध्या फक्त) तुझी सहलेखिका


२७ जानेवारी

दादा,

उत्तर आलं. ईमेलने, आणि चारच ओळींत. माझा अंदाज चुकला नाही, एवढंच समाधान.

म्हणतोस, दुसऱ्या एका गटाने हीच जाळी दुसऱ्या धातूवर बनवली आणि त्यांना आलेखातलं शिखर, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, भलत्याच जागी मिळालं. ते छापून येण्याआधी आपणच बोललो तर कमी लाज जाईल, म्हणून घाई केली. आणि वर, 'तुझं नाव मी कुठेही घेतलेलं नाही.' वा! नाव घेतलं नाहीस, फक्त बोट दाखवलंस. गणित कोण करतं आणि सुई कोण चालवतं, हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

आता माझं ऐक. आपला दावा काय होता? की चांदीवर रेणू आणि कोबाल्टचे अणू शिंपडले की ते आपले आपण गुंफले जातात, षटकोनी घरांची जाळी होते, आणि त्या जाळीत इलेक्ट्रॉनांना फिरायला स्वतःची वाट असते. खाली चांदी असो वा नसो, वाट जाळीची. हे कुणी म्हटलं? तू. तुझ्या गणितात जाळी हवेत तरंगते. खाली चांदी धरलेलीच नाही. मी दोनदा विचारलं होतं, दादा, खाली धातू आहे, त्याचं काय? पहिल्यांदा म्हणालास, एवढे अणू धरले तर संगणक महिनाभर फिरत बसेल. दुसऱ्यांदा म्हणालास, फरक पडत नाही. आणि मी गप्प बसले, कारण नववीपासून मी तुझ्यापुढे गप्पच बसत आले आहे.

आता मात्र नाचता येईना तर अंगण वाकडं. गणित शुद्ध, सुई तेवढी घाण.

या यंत्राच्या खोलीत तू एकदाही पाऊल ठेवलेलं नाहीस. निर्वात केलेली पोलादी टाकी, द्रव हेलियमने थंड ठेवलेली. सुईचं टोक एका अणूचं, ते पृष्ठभागाला न टेकता त्यावरून फिरतं तेव्हा चित्र उमटतं. जिन्यावरून कुणी धावत गेलं तरी चित्रात सुरकुती पडते. एक चांगलं चित्र मिळवायला सकाळची दुपार होते. तू ते ईमेलमधून उघडतोस आणि म्हणतोस, जरा आणखी स्पष्ट नाही का मिळणार.

शेवटी विचारलंयस, सगळी मोजमापं मला पाठवली होतीस ना? हो. पाठवली होती.

आईचा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

— धाकटी


९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली. त्यांत राग भरपूर होता, पण खरं कमी होतं.

परवा पट्टी माझ्या खोलीत आली. बसली नाही. वही टेबलावर ठेवली, उघडली आणि माझ्याकडे फिरवली. पान एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. तिन्हींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. तीही पट्टीने मारलेली. खाली तिच्या अक्षरात, 'मॅडमच्या सांगण्यावरून वगळलं.' तारीख, वेळ.

म्हणाली, "मॅडम, समितीने वही मागितली आहे. मी देणार आहे. तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं."

मी म्हटलं, बस. ती उभीच राहिली.

तर आता तुला सांगते. मागच्या पत्रात 'हो, पाठवली होती' लिहून मी आईच्या गुडघ्यावर उडी मारली, तेव्हाच तुला शंका आली असेल. सगळी पाठवली नव्हती.

निबंध धाडायच्या आधीच्या आठवड्यात पट्टीला जाळीचा एक तुटका भाग सापडला. तीन ठिकाणी भिंत पडलेली, दोन घरांचं मिळून एक झालेलं. तिने तिथेही मोजलं, कारण ती सगळीकडे मोजते. तिन्ही ठिकाणी शिखर खाली सरकलेलं होतं. थोडंथोडकं नव्हे, डोळ्यांना दिसेल इतकं. तिने मला दाखवलं. मी म्हणाले, "हा खराब भाग आहे. आपल्याला चांगल्या भागाचं सांगायचंय." तिने विचारलं, "पण मॅडम, वाट जाळीची स्वतःची असेल, तर एक भिंत पडल्याने शिखर एवढं का सरकावं?" मी म्हटलं, नंतर बघू. नंतर कुणी बघितलं नाही.

मला ठाऊक होतं, दादा. म्हणजे शंका होती, आणि शंकेकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या आठवड्यात तू रोज फोन करत होतास. कशी आहेस, आई कशी आहे, काही नाही. "आकडा जुळला का?" एवढंच. माझ्या नववीत तू मला गणित शिकवायचास, तेव्हा पुस्तकातलं मागचं पान उघडून आधी उत्तर वाचून दाखवायचास आणि म्हणायचास, आता इथपर्यंत ये. मी उलटी चालत यायचे. मार्क छान पडायचे. तीस वर्षांनी मी त्याच वाटेने आले, एवढंच.

हे लिहिताना मला तुझा राग जास्त येतो की माझा, ते मला सांगता येणार नाही. पण एक निराळं ठेव. मी तीन पानं दडवली, हा माझा गुन्हा. सुई स्वच्छ होती. तू जे छापलंस ते तरीही खोटंच आहे.

— धाकटी


२ मार्च

दादा,

पुन्हा मोजलं.

मी पट्टीला म्हटलं होतं, वही समितीला दे, पण त्याबरोबर नवी मोजमापंही दे. ती म्हणाली, "चालेल. फक्त एक करा. मोजून होईपर्यंत काय यायला हवं ते मला सांगू नका." मी खाली मान घालून हो म्हटलं. स्वतःच्या विद्यार्थिनीकडून हे ऐकून घेणं काय असतं, ते तुला कळायचं नाही. तुला कधी कुणी असं बोललेलंच नाही.

तीन रविवार सकाळी आलो. रविवारी इमारत रिकामी असते. लिफ्टवाल्याला विनंती केली की दुपारपर्यंत लिफ्ट बंद ठेव. त्याने विचारलं, "एवढं काय बघता त्यात?" पट्टीने त्याला पडद्यावर जाळी दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे कुणी विणलं?" ती म्हणाली, "कुणीच नाही. आपलं आपण होतं." त्याचा विश्वास बसला नाही. दर रविवारी तो जिन्यात खुर्ची टाकून बसला, आणि कुणी वर जायला आलं की त्यालाच "हळू" म्हणायचा.

आता काय मिळालं ते नीट वाच. पाचवी ओळही वाच.

चांदीच्या पृष्ठभागावर तिचे स्वतःचे इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात, तळ्यावर लाटा फिराव्यात तसे. आपली जाळी त्यांना घराघरांत कोंडते. कोंडलं की त्यांची ऊर्जा ठरते. घर लहान तर जास्त, मोठं तर कमी. शाबूत घरात शिखर तिथेच आलं, जिथे आपण छापलं होतं, तंतोतंत. भिंत पडलेल्या घरात ते खाली आलं, कारण घर मोठं झालं. आम्ही सुईनेच कोबाल्टचा एक अणू ढकलून एक शाबूत भिंत मुद्दाम पाडली. आधी मोजलं, मग मोजलं. शिखर आमच्या डोळ्यांदेखत खाली सरकलं.

म्हणजे आकडा बरोबर होता आणि अर्थ चुकीचा. इलेक्ट्रॉन जाळीचे नाहीतच. ते चांदीचे. तू जिला धरलंच नाहीस, तिचे.

आणि आणखी एक, जे ना तुला माहीत होतं ना मला. जाळीपासून सुटून एकटं पडलेलं एक घर सापडलं. त्यात शिखर सडपातळ आहे. जाळीच्या पोटातल्या घरात तेच रुंद होतं. भिंती गळक्या आहेत, दादा. कोंडलेली लाट शेजारच्या घरात झिरपते, तिथली इकडे येते, आणि सगळ्या घरांची मिळून एक वाट तयार होते. वाट आहे. आपण म्हणालो तशी नाही, पण आहे. पट्टीने हे माझ्याआधी ओळखलं. मी बोलणार होते, तिने हात वर करून मला थांबवलं आणि दुसरं एकटं घर शोधायला घेतलं. ते सापडायला दोन रविवार लागले. तिथेही तसंच आलं.

प्रत्येक दिवशी आधी कोरी चांदी, शेवटी कोरी चांदी. आलेख सोबत जोडलेत. सुई अस्वच्छ म्हणायचं असेल, तर आता मला तोंडावर म्हण.

— धाकटी


२१ मार्च

दादा,

समिती बसली. लांब टेबल, पाच जण, पाण्याचे पेले. वही मधोमध.

मी आधीच ठरवलं होतं, म्हणून कुणी विचारायच्या आत बोलले. ही तीन पानं मी वगळायला लावली. मुलीने हरकत घेतली होती. ती मी ऐकली नाही. एका सदस्यांनी विचारलं, "बंधूंचा दबाव होता का?"

केवढी सोयीची जागा करून दिली होती त्यांनी! तू माझ्याशी जे वागलास, त्याची परतफेड तिथल्या तिथे होत होती. मी म्हटलं, "ते रोज फोन करत होते. पानं मी वगळली." हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. माझी चूकही तुझ्या नावावर जावी, हे मला सोसलं नसतं.

निकाल असा: दोन वर्षं मला नवा विद्यार्थी घेता येणार नाही. यंत्राचा ताबा दुसऱ्या सहकाऱ्याकडे. त्याच्याकडून वेळ मागून घ्यायची. पट्टीची परीक्षा ११ एप्रिलला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती पालक निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "दोघांनाही लहानपणी एकेक ठेवून द्यायला हवी होती." आणि पुन्हा निवडायला लागली.

सोबत संपादकांना पाठवायचं निवेदन आहे, दीड पानाचं. पहिलं नाव पट्टीचं, कारण काम तिचं. दुसरं माझं, तीन पानांच्या कबुलीसकट. तिसरी ओळ तुझी. वर वाक्य लिहिलंय, 'गणितात चांदीचा पृष्ठभाग धरलेला नव्हता. सुईबद्दलचा आक्षेप निराधार होता.' सही करून पाठव. पटत नसेल तर करू नकोस. पुढच्या शुक्रवारी ते जाईल, तुझ्या सहीने किंवा तिच्याविना. या वेळी तुझ्या उत्तराची वाट पाहत उलटी चालायला मी तयार नाही.

— धाकटी


१२ एप्रिल

दादा,

तुझा कागद त्या ठरलेल्या शुक्रवारी सकाळी मिळाला, अगदी शेवटच्या दिवशी. सही आहे म्हणून मी तो तसाच पुढे देणार होते. पट्टी म्हणाली, "मॅडम, त्यांनी एक वाक्य खोडलंय."

तू माझं वाक्य खोडून वर हाताने लिहिलं होतंस, 'चांदी धरून केलेलं गणित सप्टेंबरातच पूर्ण झालं होतं. त्यात शिखर जाळीचं नसून चांदीचं येत होतं. ते मी सहलेखकांना दाखवलं नाही. सुईबद्दलचा आक्षेप निराधार होता, आणि तो घेताना मला हे ठाऊक होतं.'

मी जिन्यात बसले. लिफ्टवाल्याने पाणी आणून दिलं.

सप्टेंबर. म्हणजे मी तीन पानं दडवली त्याच्याही महिनाभर आधी. तुझ्या खणात उत्तर पडलेलं होतं आणि तू मला रोज विचारत होतास, आकडा जुळला का. आणि मी, माझ्या खणात तेच उत्तर ठेवून, तुला सांगत होते की जुळला. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर त्या मुलीची चार वर्षं टांगणीला लागली नसती. तू हे आता लिहिलंस म्हणून तुला भला माणूस म्हणू का? मला नाही जमत. उशिरा लिहिलंस. पण कुणी मागितलेलं नसताना लिहिलंस, आणि स्वतःच्या हाताने लिहिलंस, हेही मी पाहिलं. शाई दोन ठिकाणी पसरली आहे.

निवेदन गेलं. संपादकांनी जसंच्या तसं छापतो म्हणून कळवलंय.

काल परीक्षा झाली. मला आत बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. बाहेरच्या परीक्षकांनी दीड तास तिला गळक्या भिंतींवर पिळून काढलं. शेवटी म्हणाले, "या सगळ्या प्रकरणात तुमची स्वतःची चूक कोणती?" मला वाटलं ती म्हणेल, काही नाही. म्हणाली तर ते खरंही ठरलं असतं.

ती म्हणाली, "मी रेघ मारली. सांगितलं म्हणून मारली, पण हात माझा होता. पुढच्या वेळी मारणार नाही."

परीक्षकांनी मान हलवून कागद मिटले. दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं आणि मग आत बोलावून तिचं अभिनंदन केलं. ती माझ्याकडे आली, तेव्हा मला वाटलं नमस्कार करेल की काय. तिने फक्त वही दिली. म्हणाली, "ही प्रयोगशाळेची आहे. पुढचा जो कोणी येईल त्याला पहिल्या पानापासून वाचायला द्या." मेच्या पहिल्या आठवड्यात ती जाते आहे.

माझा राग संपलेला नाही. रात्री झोप लागते, एवढाच फरक. आईने तुझ्या कागदाची प्रत दोनदा वाचली, घडी घालून उशाखाली ठेवली, आणि मला म्हणाली, तू त्याला काय कळवणार आहेस? मी म्हटलं, बघते.

तर हे कळवते आहे. रविवारी अकरा वाजता फोन करीन. उचल. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि पत्रात ते मनासारखं होत नाही.

— तुझी धाकटी